‘मला गळा नाही हो!’

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत क्लब हाऊसमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला आधी विषय दिला होता, ‘संस्थेची २५ वर्षांची आर्थिक वाटचाल’. मी म्हटलं, तो विषय दरवर्षी ताळेबंदात छापून येतो आणि तो किती जण वाचतात हे आपण सगळे जाणतो. त्यापेक्षा मला गाण्यावर बोलू द्या. समितीला आश्चर्य वाटलं. निवृत्त बँक अधिकारी आणि गाण्यावर? तर आधीच सांगतो, मी गवई नाही. गेली चार वर्षं दर बुधवारी संध्याकाळी ६ ते ७.३० याच खोलीत आपला समूहगानाचा वर्ग भरतो, त्यातला मी एक विद्यार्थी आहे, आणि सवयीप्रमाणे त्या वर्गाचं हजेरीपुस्तक माझ्याकडे आहे. म्हणजे या भाषणामागे तानपुरा कमी आणि रजिस्टर जास्त, असं समजा.

या चार वर्षांत एक वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलं. लिफ्टमध्ये, भाजीवाल्याच्या गाडीशी, पार्किंगमध्ये कोणालाही म्हटलं, ‘बुधवारी या ना वर्गाला’, की उत्तर ठरलेलं: ‘छे हो, मला गळा नाही!’ गंमत म्हणजे हे सांगणाऱ्या माणसाला तुम्ही विचारा, की हे तुम्हाला कोणी सांगितलं? तर बहुतेकांना ते सांगणारा माणूस आठवतो. एखादे मास्तर, एखादी मोठी बहीण, एखाद्या लग्नात हसलेले कोणी काका. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणीतरी एक शेरा मारला आणि आपण तो सर्व्हिस बुकात लाल शाईने नोंदवल्यासारखा जपून ठेवला. त्या नोंदीवर अपील करता येतं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

गळा मिळतो की घडतो?

आवाज ही देवाची देणगी आहे असं आपण म्हणतो. मोठ्या गायकांच्या बाबतीत ते खरं असेल. पण सुरात गाणं ही बऱ्याच अंशी शिकून येणारी गोष्ट आहे, पोहण्यासारखी किंवा सायकलसारखी. घशात स्वरतंतूंच्या दोन घड्या असतात. फुप्फुसातून येणाऱ्या हवेने त्या थरथरतात. त्या ताणल्या की स्वर वर जातो, सैल सोडल्या की खाली येतो. हे काम स्नायूंचं आहे आणि स्नायूंना सराव लागतो. त्या सरावाला दिशा द्यायचं काम कान करतो. त्यामुळे ‘मला गळा नाही’ म्हणणाऱ्या पुष्कळ माणसांचा गळा ठीकच असतो, फक्त कानाला आणि गळ्याला एकमेकांची ओळख झालेली नसते. खरोखरच सूर ओळखता येत नाहीत अशी माणसं असतात, पण ती फार थोडी. आपल्या वर्गात अजून तरी असं कोणी आलेलं नाही.

आपल्या वर्गाच्या बाई शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाल्या आहेत, हे तुम्ही जाणताच. त्यांची पद्धत थोडक्यात सांगतो, म्हणजे घरी बसलेल्यांची भीती कमी होईल.

पहिली दहा मिनिटं कोणीही गात नाही. मोबाइलवर तानपुरा लावायचा, डोळे मिटायचे आणि नुसतं ऐकायचं. माझ्यासारख्याला हेच सगळ्यात अवघड गेलं, कारण बँकेत नुसतं ऐकायची सवय फक्त ग्राहकांना असते. मग तोंड मिटून ‘म’कारात गुणगुणायचं. त्याने घशावर ताण येत नाही आणि आवाज आपल्याला आतून ऐकू येतो. त्यानंतर आकारात ‘सा’ लावायचा. ज्याला तो सापडत नाही त्याला बाई म्हणतात, ‘लिफ्टसारखे खालून हळूहळू वर या, आपला मजला आला की थांबा.’ आपल्या लिफ्टचा अनुभव लक्षात घेता पहिल्या महिन्यात सगळेच दोन मजल्यांच्या मध्ये अडकले होते. पण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एकेक जण आपल्या मजल्यावर उतरायला लागला.

दुसरी गोष्ट बसण्याची. नवीन आलेल्या माणसाला बाई कधीच कडेला बसवत नाहीत. दोन पक्क्या माणसांच्या मध्ये बसवतात. दोन्ही कानांत बरोबर सूर पडत राहिला की तिसरा आवाज आपोआप तिकडे सरकतो. आणि नियम असा, की आपला आवाज एवढाच ठेवायचा की दोन्ही बाजूंचे शेजारी ऐकू आले पाहिजेत. शेजारी ऐकू आला नाही तर तुम्ही ओरडताय. हा नियम सोसायटीच्या सर्वसाधारण सभेलाही लावावा अशी माझी नम्र सूचना आहे.

तिसरी गोष्ट श्वासाची, आणि ही आम्हा सत्तरीच्या पुढच्या मंडळींना फार उपयोगी. एकट्याने गाताना लांब ओळ आली की दम संपतो आणि आपण ओशाळतो. समूहात तसं होत नाही. तिथे सगळ्यांनी एकाच ठिकाणी श्वास घ्यायचाच नाही. मी ‘मा’वर घेतला तर शेजाऱ्याने पुढच्या शब्दावर घ्यायचा. ऐकणाऱ्याला ओळ कुठेच तुटलेली वाटत नाही. एकाही माणसाकडे पुरेसा श्वास नसतो आणि तरी सगळ्यांचा मिळून श्वास संपत नाही. मला यात सहकाराचं तत्त्व दिसतं, पण ते असो.

चौथी गोष्ट पट्टीची. पुरुषांना साधारण काळी एक किंवा दोनच्या आसपास सोयीचं पडतं, बायकांना काळी चार-पाचच्या आसपास. एकत्र गायचं तर कोणीतरी वर ताणलं जातं किंवा कोणीतरी खाली गडप होतं. शिवाय वयाप्रमाणे पट्टी बदलते. बायकांचा आवाज उतारवयात थोडा खाली येतो, पुरुषांचा पातळ होतो. म्हणून ‘पूर्वी मी हे गाणं या पट्टीत म्हणायचे’ हा हट्ट सोडावा लागतो. आम्ही मधली पट्टी काढतो, आणि जिथे ती जमत नाही तिथे काही ओळी बायकांना, काही पुरुषांना आणि धृपद सगळ्यांना वाटून देतो.

दहाजणींचं धाडस

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं एकट्याने क्लास लावूनही शिकता येईल. येईल की. पण आमच्यासारख्यांना समूहातच का जमतं, ते मला माझ्या नोकरीतल्या एका गोष्टीमुळे समजलं.

१९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्यानंतर काही वर्षांनी मी एका ग्रामीण शाखेत होतो. गावातल्या बायका बँकेच्या दारापर्यंत यायच्या आणि नवऱ्याला आत पाठवून पायरीवर बसायच्या. काउंटरशी एकटी बाई क्वचितच. गट झाल्यावर त्या दहा-बाराजणी मिळून आत यायला लागल्या. सुरुवातीला सगळ्या एकदम बोलायच्या, एकमेकींच्या मागे लपायच्या, हसायच्या. कोण काय म्हणालं ते कळायचं नाही, पण त्यामुळेच कोणाचं चुकलं तेही कळायचं नाही. वर्षभरात त्यांतली एक जण पासबुक घेऊन एकटी आली आणि मला म्हणाली, ‘साहेब, व्याज कमी लावलंय का बघा.’ मी बघितलं. हिशेब बरोबर होता, पण तिचं विचारणं मला त्या हिशेबापेक्षा मोलाचं वाटलं.

समूहगान नेमकं हेच करतं. चुकायला आडोसा देतं. एकट्याचा सूर हलला तर सगळ्या खोलीला कळतो. तीस जणांत हलला तर फक्त त्याचा त्यालाच कळतो, आणि शिकण्यासाठी तेवढंच पुरेसं असतं. माणूस आडोशाला राहून सुधारतो आणि एक दिवस आडोसा सोडून पुढे येतो. लाज वाटण्याचं वय आणि शिकण्याचं वय वेगवेगळं नसतं, म्हणून हा आडोसा सातवीतल्या मुलालाही लागतो आणि सत्तरीतल्या आजोबांनाही.

आपल्याकडे हे नवीन नाही

कोणी म्हणतं, कॉयर वगैरे परदेशी प्रकार, आपलं गाणं एकट्याचं. मैफिलीचं गाणं एकट्याचं हे खरं. पण गणपतीची आरती? दहा दिवस आपल्या मंडपात शंभर माणसं उभी राहतात. झांजा असतात, टाळ्या असतात, लहान मुलं शेवटच्या शब्दावर जोर देऊन ओरडतात. आजवर कोणी आरतीला ऑडिशन घेतलीय? प्रत्येक मराठी माणसाने आयुष्यातलं पहिलं समूहगान आरतीतच केलेलं असतं, फक्त त्याला आपण गाणं म्हणत नाही.

वारीची दिंडी तर मोठी शाळाच आहे. पुढे पताका, मध्ये टाळकरी, त्यांच्यात पखवाजवाला आणि वीणेकरी. एक जण चाल सांगतो आणि बाकीचे धरतात. नवखा माणूस मागच्या रांगेत टाळ घेऊन उभा राहतो. त्याला कोणी स्वर लिहून देत नाही. पाऊल, टाळ आणि शब्द तीन गोष्टी जुळवता जुळवता पाच-सात मुक्कामांत तो तयार होतो. मुक्कामावर समाज आरतीच्या वेळी चोपदार चोप वर करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. इतकी माणसं एका खुणेवर शांत होणं, ही समूहाची पुढची पायरी. गाणं सुरू करणं सोपं असतं, एकदम थांबणं कठीण. आमच्या वर्गात एक जण अजूनही नेहमी अर्धी मात्रा पुढे जातो. नाव सांगत नाही, तो पहिल्या रांगेत बसून आत्ता हसतो आहे.

गाणं घराघरांत नेण्याचं मोठं काम ज्यांनी केलं ते पं. विष्णू दिगंबर पलुस्कर आपल्या कुरुंदवाडचे. १८७२चा जन्म. लहानपणी फटाक्याच्या दारूने डोळ्यांना इजा झाली, शाळा अवघड झाली, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे १९०८ मध्ये मुंबईला. त्या काळी गाणं गुरूच्या घरी राहून, एकाने एकाकडे शिकायचं होतं. पलुस्करांनी वर्ग भरवले, क्रमिक पुस्तकं आणि परीक्षा आणल्या, स्वर कागदावर लिहिण्याची पद्धत बसवली. म्हणजे ज्याला गवई व्हायचं नाही त्यालाही गाणं शिकण्याचा रस्ता खुला झाला. त्यांचे शिष्य पं. नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात गेले आणि तिथल्या सामूहिक प्रार्थनेला त्यांनी सूर दिला, आश्रमाची भजनावली तयार केली. त्या प्रार्थनेला बसणारे काही गायक नव्हते. सूत कातणारी, शेती करणारी, संडास साफ करणारी माणसं होती.

आणि ज्यांच्या चाली आपल्या पिढीने शाळेत रांगेत उभं राहून म्हटल्या ते संगीतकार वसंत देसाई. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आणि ‘गुड्डी’ (१९७१) या चित्रपटांतल्या त्यांनी चाल दिलेल्या प्रार्थना आजही शाळांतून म्हटल्या जातात. त्या चाली नीट बघा. फार वर जात नाहीत, फार खाली येत नाहीत, श्वासाला जागा आहे, ओळ एकदा ऐकली की धरता येते. आमच्या बाई म्हणतात, पाचशे मुलांना म्हणता येईल अशी चाल करणं हे अवघड गाणं गाण्याइतकंच अवघड आहे.

गोव्यात याच गोष्टीचं वेगळं रूप दिसतं. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलेखन वाचायला, चर्चच्या समूहात गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. गावच्या या संगीत शिक्षकाला ‘मेस्त’ म्हणत. एकाच वेळी वेगवेगळ्या ओळी गाऊन त्या जुळवायच्या, ही तिथली रीत. या शाळांतून तयार झालेले कितीतरी गोंयकार पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. वडील गावच्या चर्चमध्ये गायकवृंद शिकवायचे. अँथनींकडे व्हायोलिन शिकलेले प्यारेलाल पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले झाले आणि ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधल्या त्या प्रसिद्ध गाण्यात जे नाव येतं ते या गुरूचं. आपण ते गाणं गणपती विसर्जनाला वाजवतो, पण त्याच्या मुळाशी एका गावातला गायकवृंद आहे हे मुलांना सांगा.

समूहाच्या आवाजातून एका माणसाला बळ येतं तसं एका देशालाही येतं. युरोपात एस्टोनिया नावाचा छोटा देश आहे. लोकसंख्या सुमारे १३ लाख, म्हणजे साधारण आपल्या कल्याण-डोंबिवलीएवढी. १८६९ साली तिथे तार्तू या गावी पहिला गीत महोत्सव झाला. ती परंपरा टिकली, आता हजारो गायक एका मंचावर उभे राहून गातात. सोव्हिएत राजवटीत असताना १९८८ साली तिथले लोक प्रचंड संख्येने मैदानात जमले आणि मनाई असलेली आपली गाणी गायले. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला. त्या लढ्याला जग ‘गाणारी क्रांती’ म्हणतं. शंभर वर्षं एकत्र गायची सवय असल्यामुळे वेळ आली तेव्हा एवढ्या माणसांना एकत्र उभं राहायची भीती वाटली नाही, असं मला वाटतं.

आपल्या हजेरीपटातल्या काही नोंदी

आता पुन्हा आपल्या क्लब हाऊसकडे येतो. २०२१ साली लॉकडाऊनची बंधनं सैल झाली तेव्हा आपल्यातले बरेच जण दीड वर्ष घरात बसून गप्प झाले होते. माझ्यासारखे एकटे राहणारे तर दिवसभरात दूधवाला सोडला तर कोणाशी बोलत नव्हते. पहिल्या बुधवारी मास्क लावून, लांब लांब खुर्च्या टाकून आम्ही ७ जण बसलो. आज रजिस्टरवर ३१ नावं आहेत. सगळ्यात लहान विद्यार्थी ११ वर्षांचा, सगळ्यात मोठ्या आजी ८२ वर्षांच्या. नावं न घेता तीन नोंदी सांगतो. ज्यांच्या आहेत त्यांची परवानगी घेतली आहे.

पहिली नोंद. आपल्या सी विंगमधल्या एक वहिनी. त्यांना शाळेत गॅदरिंगच्या वेळी सांगितलं होतं, ‘तू रांगेत उभी राहा, पण आवाज काढू नकोस, नुसते ओठ हलव.’ तेव्हा त्या नऊ वर्षांच्या. त्यानंतर ५० वर्षं त्यांनी कुठेच आवाज काढला नाही. हळदी-कुंकवाला उखाणासुद्धा कोणी आग्रह केला तर पुटपुटून घ्यायच्या. वर्गात आल्यावरही पहिले तीन महिने त्या नुसते ओठच हलवत होत्या. बाईंच्या ते लक्षात आलं होतं, पण त्या काही बोलल्या नाहीत. एका बुधवारी पावसामुळे आम्ही पाचच जण आलो होतो. आवाज इतका थोडा की लपायला जागा नव्हती. त्या दिवशी वहिनींचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. जाड, खालच्या पट्टीतला, अगदी सुरात! ज्या आवाजाला शाळेत गप्प केलं तो बिघडलेला नव्हता, फक्त बाकीच्या मुलींपेक्षा खालचा होता. गेल्या सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टँकरच्या बिलावर उभं राहून बोलल्या त्या याच वहिनी. २५ वर्षांत त्या सभेत पहिल्यांदा बोलल्या. आणि काय बोलल्या, हे खजिनदारांना विचारा.

दुसरी नोंद. आपल्या गेटवर रात्रपाळी करणारे भाऊ. पहिलं वर्ष ते खिडकीबाहेर उभे राहून ऐकायचे. बाईंनी त्यांना आत बोलावलं तर म्हणाले, ‘मला इथलं जमायचं नाही.’ बाई म्हणाल्या, ‘मग तिथलं म्हणा.’ त्यांनी गावच्या भजनी मंडळातली एक गवळण म्हटली. त्या दिवशी आम्ही विद्यार्थी आणि ते गुरू. रूपाच्या अभंगाने सुरुवात करून भैरवीपर्यंत भजन कसं बांधलेलं असतं, ते त्यांनी आम्हाला समजावलं. आता बुधवारी त्यांची ड्यूटी साडेसातनंतर लागेल अशी सोय सचिवांनी केली आहे, त्याबद्दल त्यांचे जाहीर आभार.

तिसरी नोंद सातवीतल्या एका मुलाची. तो बोलताना अडखळतो. बोलताना अडखळणारी पुष्कळ माणसं गाताना अडखळत नाहीत, ही गोष्ट वाचाउपचार करणाऱ्यांना चांगली ठाऊक आहे. गाणं हा त्यावरचा उपाय आहे असं मी म्हणत नाही, ते काम तज्ज्ञांचं. पण बुधवारचा दीड तास असा आहे की त्या वेळात त्याचा शब्द कुठे अडत नाही आणि तो पूर्ण होईपर्यंत कोणी त्याच्या तोंडाकडे बघत बसत नाही. गेल्या गणपतीत आमच्या गाण्यांची नावं कोणी जाहीर करायची असा प्रश्न आला. त्याने हात वर केला. तो अडखळला. दोनदा अडखळला. पण माइक सोडला नाही, चारही गाण्यांची नावं सांगून खाली उतरला. मंडपात बसलेल्या त्याच्या आईचा चेहरा ज्यांनी पाहिला, त्यांना मी आज हे सगळं का सांगतोय ते वेगळं समजावायला नको.

एकत्र गाण्याने शरीरालाही काही होतं. स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं, की एकत्र गाणाऱ्यांचा श्वास जुळतो आणि त्याबरोबर त्यांच्या हृदयाचे ठोकेही एकाच वेळी जलद-मंद होतात. आपल्या सोसायटीत पार्किंगवरून जे वाद चालतात ते पाहता दीड तास तरी काही सभासदांची हृदयं एका तालात चालतात, हे काही थोडं नाही.

निवड करायची की नाही?

आता ज्यासाठी मी हा विषय मुद्दाम मागून घेतला तिथे येतो. रौप्यमहोत्सवाच्या मुख्य दिवशी आपल्या वर्गाने २० मिनिटांचा कार्यक्रम करायचा आहे. समितीत एक सूचना आली आहे, की पाहुणे येणार, व्हिडिओ शूटिंग होणार, तर ३१ पैकी निवडक १२ जणांनीच गावं. ज्यांनी ही सूचना केली त्यांचा हेतू चांगला आहे. कार्यक्रम उत्तम व्हावा असं त्यांना वाटतं, ते मलाही वाटतं. व्यासपीठ लहान आहे, हेही खरं.

तरी माझी विनंती आहे, की निवड करू नका. कारण निवड केली तर ओठ हलवणाऱ्या वहिनी, अडखळणारा मुलगा आणि ८२ वर्षांच्या आजी यांना आपण तेच सांगू जे त्यांना आयुष्यभर कोणी ना कोणी सांगत आलं आहे. चार वर्षांत जे जमा केलं ते एका दिवसात खर्ची पडेल. आणि मुदत संपण्याआधी मोडलेल्या ठेवीवर काय मिळतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरं म्हणजे ऐकायलाही ते वाईट होणार नाही. तीस माणसं एक स्वर लावतात तेव्हा कोणी केसभर वर असतो, कोणी केसभर खाली. ते सगळं मिसळून आवाजाला जी जाडी येते, ती एकट्याच्या आवाजात येत नाही. आरती कानाला गोड लागते ती यामुळेच.

मग कार्यक्रम चांगला कसा करायचा? माझं म्हणणं सोपं आहे: माणसं कमी करू नका, गाणं सोपं करा. अवघड दोन गाणी काढू या. ज्यांचा आवाज तयार आहे त्यांना कडवी द्या, धृपद सगळ्यांनी धरावं. भजनात बुवा आणि साथीदार असतातच, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. व्यासपीठ लहान आहे तर ११ जण वर, २० जण खाली पायऱ्यांवर उभे राहतील. आजींना खुर्ची द्या. आणि शेवटचं गाणं असं ठेवा की समोर बसलेल्यांनाही येतं, म्हणजे शेवटी प्रेक्षक कोणी उरणारच नाही.

बुधवारी या

आपल्या इमारतीत ९६ फ्लॅट आहेत आणि वर्गात ३१ माणसं. म्हणजे वसुली अजून बरीच बाकी आहे. ज्यांना यायचं आहे त्यांच्यासाठी काही सूचना. फी नाही. वही आणू नका, शब्द मोठ्या टायपात छापलेले मिळतात. पाण्याची बाटली आणा आणि घोट घोट पाणी प्या. त्या दिवशी दुपारी कोणाशी भांडून घसा बसवून येऊ नका. पहिले दोन महिने गायलं नाही तरी चालेल, पण ओठ नुसते हलवू नका. एक तर ऐका, नाही तर आवाज काढा. नातवंडांना बरोबर आणा. ती लवकर शिकतात आणि आपल्याला बिनदिक्कत सुधारतात.

आणि घरच्यांना एक विनंती. बाथरूममधून कोणाचा गाण्याचा आवाज आला तर कृपा करून दार वाजवून ‘पुरे आता’ म्हणू नका. एवढं केलंत तरी मी समजेन की आजचं भाषण कामाला आलं.

 

(संपादक मंडळाची टीप : या भाषणानंतरच्या रविवारी झालेल्या बैठकीत समूहगान वर्गातील सर्व विद्यार्थ्यांनी महोत्सवात गावे, असे समितीने एकमताने ठरवले. ही स्मरणिका छापायला जाताना हजेरीपटावर ३८ नावे आहेत. पायऱ्यांवर उभे राहण्यासाठी मांडव आठ फूट पुढे घेण्यात आला आहे, त्यानुसार ए विंगमधील सभासदांनी त्या दिवशी आपली वाहने बाहेर लावावीत.)